फॅरडेची मेणबत्ती व आमची लक्षणांची यादी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची एक भाची आमच्याकडे राहावयास आली असतां, तिच्या शालेय विज्ञानाच्या पुस्तकांतील एक पाठ तिच्याच तोंडून ऐकण्याचा योग आम्हांस आला. रासायनिक क्रिया घडली हें कसें ओळखावें, असा प्रश्न. आणि त्याचें उत्तर पांच कलमांत. रंग पालटतो, वायु बाहेर पडतो, न विरघळणारा सांका तळाशीं बसतो, उष्णता निघते किंवा शोषली जाते, वास बदलतो. मुलीनें पांचहि कलमें एका दमांत म्हणून दाखविलीं. त्याच वेळीं स्वयंपाकघरांत चहाचें आधण उकळत होतें. "मग मामा," तिनें विचारलें, "ह्या पाण्यांतून बुडबुडे येताहेत, म्हणजे ही रासायनिक क्रियाच ना?" आम्हीं नाहीं म्हटलें. तिनें दुसरें कलम पुन्हां एकदां म्हटलें व आमच्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं, दोघांपैकीं कोणीतरी चुकत आहे आणि तें पुस्तक खचित नव्हे.

आम्ही रसायनशास्त्राचे अध्यापक नव्हों. ग्रंथ वाचणें व वाचावयास शिकविणें हा आमचा व्यवसाय, आणि त्याच नात्यानें आम्हीं ह्या यादीकडे पाहिलें. पाठ्यपुस्तकांतील पांच ओळींवर टीकालेख लिहावा हें कित्येक वाचकांस अतिरेकाचें वाटेल. परंतु चांगली म्हणून गाजलेली कादंबरीहि फार तर कांहीं हजार घरांत जाते. असल्या ओळी मात्र पिढ्यान् पिढ्या मुलांच्या तोंडीं बसतात. हें वाङ्मयच नव्हे असें म्हणून टीकाकारानें तिकडे पाठ फिरविली, तर त्यांची झडती घ्यावयाची कोणीं? शिवाय नेमक्या ह्याच विषयावर इंग्रजींत एक नामांकित ग्रंथ आहे. तो ह्या यादीशेजारीं ठेवून वाचला म्हणजे एकच माहिती दोन प्रकारें कशी सांगतां येते, आणि त्यांपैकीं एका प्रकारांत ती कशी मरून जाते, हें चांगलें दिसून येतें.

प्रथम यादीविषयीं. आमच्या नैयायिकांनीं लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: अव्याप्ति, अतिव्याप्ति व असंभव. जें लक्षण आपल्या लक्ष्याच्या कांहीं भागापर्यंत पोंचतच नाहीं तें अव्याप्त. जें लक्ष्य सोडून इतरत्रहि लागू पडतें तें अतिव्याप्त. आधणाच्या बुडबुड्यांनीं यादीची अतिव्याप्ति एका क्षणांत उघडी पाडली. पाण्याची वाफ झाली तरी ती पाणीच. थंड झांकण वर धरलें कीं थेंब जसेच्या तसे परत हातीं येतात. खरें पाहतां ह्या पांच गोष्टींस लक्षणें म्हणणेंच मुळांत चुकीचें आहे. रासायनिक क्रियेचें लक्षण एकच, आणि तें म्हणजे असलेले पदार्थ जाऊन निराळ्या गुणधर्मांचे नवे पदार्थ होणें. बाकीचीं सारीं लिंगें, म्हणजे अनुमानाचीं चिन्हें. धुरावरून अग्नीचें अनुमान करावें, परंतु अग्नीवरून धुराचें करूं नये, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो, हें तर्कसंग्रह वाचणाऱ्या विद्यार्थ्यासहि ठाऊक असतें. आमच्या शाळांतील रसायनशास्त्राच्या पाठाला तें ठाऊक नसावें ह्याचें नवल वाटतें.

आतां त्या ग्रंथाकडे वळूं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें नाताळांत मुलांसाठीं व्याख्यानें देण्याची प्रथा १८२५ सालापासून सुरू झाली. १८६०-६१ च्या नाताळांत मायकेल फॅरडे यानें तेथें मेणबत्ती ह्या एकाच विषयावर सहा व्याख्यानें दिलीं. १८४८ च्या नाताळांतहि त्यानें हाच विषय घेतला होता. परंतु ह्या दुसऱ्या खेपेचीं व्याख्यानें लघुलिपींत टिपून घेतलीं गेलीं, आणि विल्यम क्रुक्स यानें तीं संपादून १८६१ सालीं 'केमिकल हिस्टरी ऑफ ए कँडल' ह्या नांवानें प्रसिद्ध केलीं. वक्ता तेव्हां एकुणसत्तर वर्षांचा होता. विजेच्या शोधांनीं त्याची कीर्ति जगभर पसरली होती, आणि समोर बसलीं होतीं शाळेंतील मुलें.

पहिलें व्याख्यान वाचतांना आजचा अधीर वाचक बुचकळ्यांत पडतो. विषय रसायनाचा, पण रसायन येतच नाहीं. चरबीच्या, मेणाच्या, देवमाशाच्या मेदाच्या मेणबत्त्या कशा करतात. जपानांतून आलेलें एक वनस्पतीचें मेण. आणि १७८२ सालीं बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' ह्या युद्धनौकेंतून वर काढलेली एक मेणबत्ती. कित्येक वर्षें खाऱ्या पाण्यांत पडून ती विद्रूप झाली होती, तरी पेटवितांच इतर मेणबत्त्यांसारखीच जळूं लागली. मग ज्योतीखालीं मेणाची वाटी कशी बनते, बाहेरून वर चढणारा वारा तिचे कांठ कसे थंड व ताठ ठेवतो, वितळलेलें मेण वातींतून वर कसें चढतें, ह्याचें सावकाश वर्णन येतें. आम्ही प्रथम हा ग्रंथ वाचला तेव्हां हा सारा भाग प्रस्तावना समजून भराभर पानें उलटलीं होतीं. पुढें ध्यानांत आलें कीं ग्रंथाचा पाया तोच आहे. जें जें बदलल्यासारखें दिसतें परंतु बदललेलें नसतें, तें तें फॅरडे आधीं बाजूस काढून ठेवतो. समुद्रानें रूप बिघडविलें, पदार्थ बिघडविला नाहीं. उष्णतेनें मेण पातळ केलें, तरी तें मेणच. डोळ्यांना फसवूं शकणारे हे सारे फेरफार दाखवून झाल्याशिवाय खऱ्या फेरफाराकडे तो मुलांना नेतच नाहीं.

दुसऱ्या व्याख्यानांत तो ज्योतीच्या पोटांत शिरतो. ज्योतीच्या मध्यभागीं जो काळसर भाग दिसतो त्यांत वांकड्या कांचेच्या नळीचें एक टोंक धरलें कीं दुसऱ्या टोंकांतून जड धुरासारखें कांहीं तरी बाहेर पडून बाटलीच्या तळाशीं जमूं लागतें. येथें एखादा पाठ्यपुस्तककार "वायु बाहेर पडला, सबब रासायनिक क्रिया" असें म्हणून मोकळा झाला असता. फॅरडे थांबतो व सांगतो कीं हा वायु नव्हे, ही मेणाचीच वाफ. वायु आणि वाफ ह्यांत भेद आहे, कारण वाफ थंड झाली कीं पुन्हां मूळपदावर येते. मेणबत्ती हळूच विझवून वर जाणाऱ्या धुराच्या रेषेस दोन-तीन इंच वरून जळती काडी लाविली, तर ज्योत त्या रेषेवरून खालीं धांवत येऊन वातीस धरते. हा प्रयोग करून पाहिला नाहीं असें मूल नसावें. जळते ती वात नव्हे, वाफ, हें त्यावरून कळतें. मग एक कागद ज्योतींत क्षणभर आडवा धरून काढला, तर तो मध्यें कोरा राहून भोवतीं कंकणासारखा करपतो. म्हणजे क्रिया ज्योतीच्या अंगांत सर्वत्र नाहीं. जेथें वाफेला हवा भेटते तेथेंच आहे. इतकें झाल्यावर काजळी: थंड वस्तु ज्योतींत धरली कीं तिच्यावर काळा थर बसतो. हे कर्बाचे कण ज्योतींत तापून झळकतात म्हणूनच ज्योत उजळ दिसते.

ही काजळी आमच्या वाचकांस परकी नाहीं. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचें ताट उपडें धरून काजळ धरण्याची रीत आमच्या घरांघरांतून होती. पण त्याच ताटावर, तें अगदीं थंड असतां, काजळी धरण्यापूर्वीं क्षणभर एक पुसट दमटपणा येतो, तो आमच्यापैकीं किती जणांनीं पाहिला असेल? आम्हीं तरी पन्नाशी उलटेपर्यंत पाहिला नव्हता. फॅरडेचें तिसरें व्याख्यान त्या दमटपणावर उभें आहे. बर्फ व मीठ घातलेलें पात्र तो ज्योतीवर धरतो. त्याच्या बुडाशीं एक थेंब लोंबूं लागतो. अग्नींतून पाणी! आमच्या कवींनीं समुद्राच्या पोटांत वडवानल ठेविला, त्याचीच ही उलटी बाजू म्हणावी. परंतु ग्रंथाचा खरा गुण ह्या चमत्कारांत नाहीं, त्याच्या पुढच्या पायरींत आहे. पाण्यासारखें दिसतें म्हणून तें पाणी, असें फॅरडे मानीत नाहीं. तो त्या थेंबास पोटॅशियमचा कण लावतो. कण जांभळट ज्योतीनें पेट घेतो, आणि पाण्यावरहि तो तसाच पेटतो हें त्यानें शेजारच्या भांड्यांत आधींच दाखविलेलें असतें. चिन्ह दिसलें कीं त्यास साक्षीदाराप्रमाणें उभें करावें व उलटतपासणी घ्यावी, ही त्याची पद्धत. ह्या सहा व्याख्यानांत आमच्या यादीचीं पांचहि कलमें कोठें ना कोठें येतात, पण कलम म्हणून एकहि येत नाहीं. प्रत्येक चिन्ह प्रश्न होऊन येतें, आणि त्याचें उत्तर दुसऱ्या चिन्हानें द्यावें लागतें.

ही शिस्त त्यास कोठून लाभली ह्याचें उत्तर त्याच्या चरित्रांत आहे. लोहाराचा हा मुलगा लंडनमध्यें पुस्तकबांधणीच्या दुकानीं उमेदवार होता. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाची. त्यांत जेन मार्सेट ह्या बाईचें 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री' होतें. तें १८०६ सालीं निनांवी प्रसिद्ध झालें होतें. एक शिक्षिका व दोन मुली ह्यांचे संवाद, असें त्याचें स्वरूप. पुढें बाई वारल्यावर १८५८ सालीं लिहिलेल्या एका पत्रांत फॅरडेनें हें ऋण मान्य केलें आहे. त्यांत तो सांगतो कीं, पुस्तकांतील विधानें आपल्या तुटपुंज्या साधनांनीं करवतील तेवढे लहानसहान प्रयोग करून आपण पडताळून पाहिलीं, आणि तीं खरीं उतरलीं म्हणूनच त्या पुस्तकावर आपला विश्वास बसला. मार्सेटबाईंचा ग्रंथ आज वाचवत नाहीं. त्यांतील मुली फारच लवकर पटवून घेतात. परंतु ज्या वाचकानें तिचें एकेक वाक्य पडताळून पाहिलें त्याच्या हातून पुढें असा ग्रंथ घडला, ह्यावरून पुस्तकापेक्षां वाचकाची रीतच अधिक फळली असें आम्हांस वाटतें.

फॅरडेच्या ग्रंथांत दोष नाहींत असें नाहीं. बोललेलें भाषण जसेंच्या तसें छापल्यानें जे व्हावयाचे ते सारे त्यांत झाले आहेत. "हें पाहा", "येथें काय झालें तें दिसलें ना" अशीं वाक्यें जागोजाग येतात, आणि कागदावर डोळे लावून बसलेल्या वाचकास कांहींच दिसत नाहीं. तिसऱ्या व्याख्यानापासून पांचव्यापर्यंत उज्जवायु, प्राणवायु, विद्युद्घट, फुगे, स्फोट ह्यांची इतकी गर्दी होते कीं मेणबत्ती बराच वेळ कोपऱ्यांत विसरून राहते. वक्त्यासच तिची अधूनमधून आठवण करून घ्यावी लागते. शेवटीं मुलांस उद्देशून केलेला उपदेश सद्भावनेचा असला, तरी ग्रंथाच्या अंगच्या धारेस शोभत नाहीं. सहावें व्याख्यान मात्र ह्या साऱ्याची भरपाई करतें. चुन्याच्या निवळींतून मेणबत्तीचा वायु सोडला कीं ती दुधासारखी होते. माणसाचा श्वास सोडला तरी होते. म्हणजे ज्योतींत जें चाललें आहे तेंच आपल्या शरीरांत ज्योतीवांचून चाललें आहे. माणूस चोवीस तासांत सुमारें सात औंस कर्ब ह्या रीतीनें वायुरूप करतो, असा हिशेब फॅरडे देतो. घरोघरीं ठाऊक असलेल्या मेणबत्तीपासून निघून वाचक स्वतःच्या छातीपर्यंत येऊन पोंचतो, आणि मधली एकहि पायरी त्यास उसनी घ्यावी लागत नाहीं.

हा ग्रंथ वाचून यादीकडे परतलें म्हणजे तिची दैना अधिकच जाणवते. तीन उदाहरणें देतों, तिन्ही घरांतलीं.

पहिलें कापराचें. देवघरांतील डबींत ठेवलेली कापराची वडी महिन्याभरांत झिजून नाहींशी होते. आरतीच्या तबकांत पेटविलेली वडीहि नाहींशी होते. मागें दोन्हींकडे कांहींच उरत नाहीं. वास दोन्हींकडे दरवळतो. परंतु पहिला कापूर नुसता हवेंत उडून गेला, तो अजून कापूरच आहे. दुसऱ्याचा कर्बवायु, पाणी व काजळी झाली. दोन्हींतील भेद सांगतो तो तबकावर बसलेला काळा डाग. "वास येतो" हें कलम येथें कोणत्या कामाचें?

दुसरें हळदीचें. हळदीचा डाग पडलेल्या धोतरास साबण लावतांच डाग लाल होतो, आणि साबण धुऊन लिंबू पिळलें कीं पुन्हां पिवळा होतो. पदार्थाच्या रचनेंतच फरक पडून आलेला हा रंग आहे. क्रिया निःसंशय रासायनिक. पण त्याच पुस्तकांत पुढच्याच पानावर भौतिक बदल उलटवितां येतो व रासायनिक बदल उलटवितां येत नाहीं असें ठणकावून सांगितलें आहे. प्रत्येक गृहिणीनें धोब्याच्या दगडावर खोटें ठरविलेलें विधान मुलांनीं पाठ करावें आणि गुण मिळवावे, ह्यास काय म्हणावें?

तिसरें आमच्या व्यवसायाशीं निगडित असल्यानें त्यावर थोडें अधिक बोलण्याची मोकळीक घेतों. जुन्या पोथ्यांची काळी शाई पुष्कळदां काजळाची असे. काजळी डिंकाच्या पाण्यांत घोटून ती केलेली. दुसरी एक काळी शाई हिरडा व हिराकस ह्यांची. युरोपांतहि मायफळ व हिराकस ह्यांपासून अशीच शाई शतकानुशतकें चालत होती. वाळलेलीं दोन अक्षरें शेजारीं ठेविलीं तर डोळ्यास दोन्ही काळींच. पण काजळाच्या शाईंत कर्ब कर्बच राहिला आहे, डिंकानें तो कागदास चिकटला आहे, इतकेंच. तेथें नवें कांहीं झालें नाहीं. म्हणून ओला हात लागला कीं ती फिसकटते. हिराकसाच्या शाईंत लोह आणि हिरड्यांतील तुरट द्रव्य ह्यांचा संयोग होऊन नवाच काळा पदार्थ जन्मतो. लिहितांना ती फिकी असते. हवा लागली कीं गडद होत जाते. ती पाण्यानें सहसा जात नाहीं, पण तिच्यांतील आम्लता व लोह ह्यांमुळें कालांतरानें कागदच खाल्ला जातो. अशा शाईचीं अक्षरें गळून पडून जाळीदार झालेलीं पानें जगांतील अनेक ग्रंथसंग्रहांत आहेत, आणि तीं कशीं वांचवावीं ही ग्रंथरक्षकांची मोठी विवंचना आहे. रंगाचें चिन्ह दोहोंकडे एकच. परिणाम मात्र एकीकडे पोथी टिकण्याचा व दुसरीकडे ती नासण्याचा. आवळा लोखंडी विळीवर चिरला कीं काळा पडतो तेव्हां आमच्या आज्या हीच दुसरी शाई विळीवर तयार करीत होत्या.

आज्यांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या पाठांची भाषा वाचून आम्हांस वाईट वाटलें तें दुसऱ्याच कारणानें. रासायनिक क्रियांचीं चिन्हें टिपणारी क्रियापदांची संपत्ति मराठींत जेवढी आहे तेवढी फार थोड्या भाषांत असेल. दूध विरजतें, नासतें, फाटतें. पीठ आंबतें, फसफसतें, फुगतें. लोखंड गंजतें, तांब्यावर जंगाल चढतो, खोबरें खवट होतें. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यांत ताक ठेविलें कीं तें कळकतें. ह्या एका शब्दांत आंबट पदार्थ, तांबें, जस्त, हिरवट झांक, कडवट चव व पोटाचा धोका एवढें सारें आलें. कल्हईवाला तापलेल्या भांड्यांत नवसागराची पूड टाकतो तेव्हां उठणारा पांढरा धूर, आणि त्यासरशी लख्ख होणारें पितळ, हा तर भर रस्त्यांत मांडलेला रसायनाचा पाठच होता. पोळी खरपूस भाजते आणि करपते ह्यांत जो क्षणाचा फरक आहे तो नाकानें ओळखणारी स्वयंपाकीण, मेलार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं वर्णिलेली क्रिया नेमकी कोठें थांबवावी हें जाणत असते. ह्या शब्दांपैकीं एकहि आमच्या भाचीच्या त्या पाठांत आम्हांस आढळला नाहीं. तेथें 'किण्वन' आहे, 'क्षरण' आहे, 'अवक्षेप' आहे. हे शब्द नसावेत असें आमचें म्हणणें नाहीं. शास्त्राला नेमके शब्द लागतात. परंतु आंबणें व गंजणें ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते यावे, त्यांस घराबाहेर काढून नव्हे.

मात्र ह्या अभिमानासहि मर्यादा घातली पाहिजे. घरगुती शब्द उपयोगावर नजर ठेवून झाले आहेत, पदार्थाच्या घटनेवर नव्हे. विरजलेलें दूध हवें असतें, नासलेलें नको असतें. म्हणून शब्द दोन. रसायनाच्या दृष्टीनें दोहोंकडे पुष्कळदां दुधांतील साखरेचें आम्ल होऊन त्यामुळेंच दूध थिजतें. जंतु कोणते, एवढाच भेद. उलट लिंबू पिळून फाटलेल्या दुधांत आम्ल बाहेरून आलें, तेथें जंतूंचा संबंधच नाहीं. भाषेनें जें तोडलें तें शास्त्र जोडतें. हा भेद मुलांपुढें मांडला तर त्यांस भाषाहि कळेल व शास्त्रहि. पण त्यासाठीं आधीं शब्द वर्गांत यावे लागतात.

एवढा वेळ आम्ही अतिव्याप्तीविषयीं बोललों. अव्याप्तीचा दोष अधिक भयंकर आहे, कारण त्यानें माणसें मरतात. थंडीच्या दिवसांत कोळशांची शेगडी दारें-खिडक्या लावलेल्या खोलींत ठेवून झोंपलेलीं माणसें सकाळीं मेलेलीं आढळतात, हें वृत्तपत्रांतून आम्ही वरचेवर वाचतों. लहानशा बंद न्हाणीघरांत गॅसचा बंब पेटवून स्नान करणाऱ्यांचेंहि असेंच होतें. अपुऱ्या हवेंत कर्ब जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं, डोळ्यांस झोंबणें नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्यास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट धरतो. आणि दैवदुर्विलास असा कीं, लोक शेगडी घरांत घेतात ती धूर संपून निखारे लाल झाल्यावर. धूर नाहीं म्हणजे धोका नाहीं, असें त्यांचें अनुमान असतें. लाल तापलेल्या गोळ्याचा दृष्टांत विसरलेलें हें अनुमान आहे. ज्यानें पांच चिन्हें पाठ केलीं आणि तीं न दिसल्यास क्रिया नाहीं असें मनांत धरलें, तो ह्या खोलींत निर्धास्त झोंपेल. निखाऱ्यांवर कधीं कधीं नाचतांना दिसणारी बारीक निळी ज्योत ही ह्याच वायूची जळतांनाची खूण होय. ती आपण लहानपणापासून पाहत आलों, पण ती कशाची म्हणून कोणीं विचारलें नाहीं, कोणीं सांगितलें नाहीं. स्वयंपाकाच्या गॅसची गोष्ट ह्याच्या उलट आहे. त्यास स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. म्हणून त्यांत एथिल मरकॅप्टन नांवाचें उग्र दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. तेथें सृष्टीनें चिन्ह दिलें नाहीं, म्हणून माणसाला तें घडवावें लागलें. पाठ्यपुस्तकांत एखादें कलम वाढवावयाचें असेल, तर आम्ही ही गोष्ट सुचवूं.

फॅरडेच्या ग्रंथाचें मराठींत रूपांतर व्हावयाचें तर तें मेणबत्तीचें होऊं नये असें आमचें मत आहे. समईचें व्हावें. कापसाची वात तेल वर ओढते तें केशाकर्षण, उपड्या ताटावरचें काजळ, थंड तांब्याच्या बुडाचा दमटपणा आणि विड्याच्या तबकांतील चुना, एवढ्या सामग्रींत सहाहि व्याख्यानें बसतात. पोटॅशियमचा कण तेवढा प्रयोगशाळेंतून आणावा लागेल.

त्या सुटींत आम्हीं भाचीस शेवटचा प्रयोग करून दाखविला. बोटभर चुना तांब्याभर पाण्यांत कालवून रात्रभर ठेविला, सकाळीं वरची निवळी कपांत ओतून घेतली, आणि तीत आणखी थोडें पाणी मिसळून एक नळी तिच्या हातीं दिली. ओढूं नको, नुसती फुंक, असें चारदां बजावलें. दहा-बारा फुंकरांत निवळी पांढुरकी झाली. "सांका! तिसरें कलम," ती म्हणाली. आम्ही विजयी मुद्रेनें व्याख्यान सुरू करणार, तोंच तिनें हट्टानें फुंकणें चालूच ठेविलें. बराच वेळ गेला. मामी दोनदां जेवावयास हांक मारून गेल्या. आणि कपांतील पांढरेपणा हळूहळू विरळ होत जाऊन पाणी पुन्हां बरेंच स्वच्छ झालें.

"मामा, आतां क्रिया उलटी फिरली का?"

आम्हांस उत्तर आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आमच्या महाविद्यालयांतील रसायनाच्या एका स्नेह्यांस विचारलें तेव्हां कळलें कीं क्रिया उलटली नव्हती, पुढें गेली होती. श्वासांतील वायु अधिक मिळाल्यानें त्या चुनखडीचाच पाण्यांत विरघळणारा दुसरा एक क्षार झाला होता. चिन्ह नाहींसें झालें होतें तेंच मुळीं दुसऱ्या क्रियेमुळें. खात्री पाहिजे असेल तर तें पाणी उकळून पाहा, असें त्यांनीं सांगितलें. भाचीनें कप झांकून जपून ठेविलाच होता. तिनें तें पाणी लहान पातेल्यांत ओतून चुलीवर चढविलें, आणि बुडबुडे येऊं लागतांच आंत वांकून पाहिलें. पाणी पुन्हां पांढुरकें होऊं लागलें होतें.